गाभोळीचे दिवस

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की पनवेल, उरण, पेणच्या मासळीबाजारात चिवणी येते. खवले नसलेला, लांब मिशांचा, बुळबुळीत अंगाचा हा खाडीतला छोटा मासा. एरवी त्याला फारसा मान नसतो. ज्येष्ठ-आषाढात मात्र त्याचं पोट गाभोळीने टम्म भरलेलं असतं आणि मग त्याच्यासाठी गिऱ्हाईक सकाळी लवकर येऊन उभं राहतं. कोळीण पाटीतली चिवणी उचलते ती काटे चुकवून, कारण कल्ल्यांमागचा काटा लागला तर हात बराच वेळ ठणकतो. घरी साफ करताना पोट अलगद चिरायचं, पिवळी गाभोळी फुटू द्यायची नाही, आणि कैरी नाहीतर चिंच घालून कालवण करायचं, ही आगरी-कोळी घरांतली रीत.

याच दिवसांत कोळीवाड्यातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. समुद्र बंद. श्रावणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय त्या पाण्यात उतरायच्या नाहीत, असा रिवाज. विणीच्या हंगामात एकीकडे गाभोळीचा मासा हौसेने खाणं आणि दुसरीकडे समुद्राला हात न लावणं, या दोन्ही गोष्टी पनवेलच्या खाडीकाठी पिढ्यानपिढ्या शेजारी नांदल्या. त्या कशा नांदल्या हे समजून घ्यायचं तर गावाच्या इतिहासाबरोबरच पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचीही दखल घ्यावी लागते. समुद्रातला जीव अंडी सोडतो तेव्हा सर्वात आधी आणि सर्वात वेगाने हालचाल होते ती या सूक्ष्मजीवांची.

पनवेल आज रेल्वे, महामार्ग आणि विमानतळ यांच्यामुळे ओळखलं जातं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी ते बंदर होतं. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीत बसून बंदर ओलांडायचा, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरायचा आणि पनवेलच्या धक्क्यावर उतरायचा. पुढे खोपोलीमार्गे बोरघाट. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा पनवेलच्या बंदराला आणखी बरकत आली. १८५२ मध्ये इथे नगरपालिका स्थापन झाली. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढून गेली ती कल्याण-कर्जतच्या बाजूने, आणि पुण्याचा उतारू पनवेलला टाळून जाऊ लागला. वाहतूक ओसरली, तरी भात, मीठ आणि मासळी यांचा व्यवहार खाडीच्या आधाराने चालूच राहिला.

ही खाडी मुळात नद्यांची. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी, तिला मिळणारी काळुंद्री, तळोज्याकडून येणारी कासाडी, दक्षिणेकडची उलवे या साऱ्यांचं पाणी इथे समुद्राला भेटतं. पावसाळ्यात गोडं आणि गढूळ, उन्हाळ्यात खारं, असं वर्षातून दोनदा चव बदलणारं हे पाणी. काठाला तिवरांचं रान, त्याच्या मागे चिखलाचे पट्टे, त्यामागे मातीच्या बांधांनी समुद्रापासून राखलेली खारजमीन. या बांधांची कहाणी जुनी आहे. कुलाबा-ठाणे भागात खाजण अडवून शेत करणाऱ्यांना शिलोत्री नावाचा वेगळा जमीनहक्क मिळत असे आणि बांधाच्या डागडुजीची जबाबदारी त्यांच्याच अंगावर असे. बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवलेल्या. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला समुद्राचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे उघाडीचं काम. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र उभं राहिलं आणि तिथून क्षार सोसणाऱ्या भाताच्या 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' या जाती निघाल्या, त्यामागे हीच जमीन आहे.

चिवणीचा प्रवास याच उघाड्यांतून होतो. पहिल्या पावसाने नाले भरून वाहू लागले की गोड्या पाण्याची चाहूल खाडीपर्यंत पोचते. मग चिवणी आणि इतर अनेक मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात. नाल्यातून उघाडीत, उघाडीतून भातखाचरात. याला वलगण म्हणतात. उन्हाळाभर तडकून पडलेल्या खाचरात पाणी साचलं की मातीत निपचित पडलेले जिवाणू जागे होतात, मागच्या हंगामाचं धसकट कुजू लागतं, पाण्यावर शेवाळाचा पातळ हिरवा थर येतो, आणि काही दिवसांत त्यावर जगणारे अतिसूक्ष्म प्राणी लाखोंनी वाढतात. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं असतं. त्याला मावेल एवढं खाणं नेमकं त्याच वेळी, त्याच जागी तयार असतं. वलगणीचा मासा भातशेतात चढतो तो या जेवणासाठी. पाणी उथळ असल्यामुळे तिथे मोठ्या माशांचं भयही कमी.

वलगणीचे मासे पकडणं हा गावचा सोहळाच असे. पोरंसोरं पाटी, कापड, पाग जे हाताला लागेल ते घेऊन नाल्यावर धावायची. तरी मासा संपला नाही, कारण चढण फार थोडे दिवस चालायची, पाणी गढूळ असायचं आणि चढणाऱ्यांपैकी पुष्कळ हातातून निसटून खाचरात पोचायचे. मोठ्या होड्या आणि मोठी जाळी समुद्रावर जात नव्हती, म्हणून खाडीत येणारा मासाही मुबलक होता. एका रिवाजाने सांभाळलेलं दुसऱ्या रिवाजाला पुरत होतं.

समुद्र बंद ठेवण्याचा रिवाज मुळात मासे वाचवण्यासाठी सुरू झाला, असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात शिडाची होडी घेऊन खुल्या समुद्रात जाणं म्हणजे जिवाशी खेळ. डोल जाळ्याचे खांब लाटांत टिकत नाहीत, सुकत घातलेला बोंबील कुजतो, जवळा वाळत नाही. म्हणून वैशाखापर्यंत सुकी मासळी भरून ठेवायची, होडी ओढून झापांनी शाकारायची आणि पावसाळाभर जाळी विणायची, दुरुस्त करायची. पण ज्या महिन्यांत माणूस किनाऱ्यावर अडकत असे, त्याच महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावरच्या कितीतरी जातींच्या माशांची वीण होते. नद्या डोंगरातून पोषकद्रव्यं आणतात, वारा खोल पाणी ढवळून वर काढतो, वनस्पती-प्लवकं फोफावतात आणि पिल्लांना खाद्य मिळतं. भीतीने घातलेली मर्यादा समुद्राच्या विणीच्या वेळापत्रकावर तंतोतंत बसली आणि शेकडो वर्षं तिचं फळ कोळीवाड्यांना मिळत राहिलं.

नारळी पौर्णिमेची तिथी चंद्रावर चालते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. २०२५ मध्ये ती ८ ऑगस्टलाच आली. समुद्रातल्या प्राण्यांचंही बरंचसं गणित याच चंद्रावर चालतं, आणि त्याचा सर्वात थक्क करणारा पुरावा पनवेलपासून फार दूर, ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकांवर मिळाला.

१९८० च्या आधी अभ्यासकांची समजूत अशी होती की बहुतेक प्रवाळ आपली पिल्लं अंगातच वाढवून नंतर बाहेर सोडतात. १९८१ आणि १९८२ साली क्वीन्सलँडच्या जेम्स कुक विद्यापीठातले तरुण संशोधक रात्री पाण्याखाली उतरून ग्रेट बॅरिअर रीफवर पहारा देऊ लागले, आणि त्यांना वेगळंच दिसलं. पौर्णिमेनंतर काही रात्रींनी, अंधार पडल्यावर, अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी गुलाबी-केशरी गोळ्या सोडत होते. प्रत्येक गोळीत अंडी आणि शुक्रजंतू एकत्र बांधलेले. स्निग्धांशामुळे गोळ्या तरंगत वर येतात, पृष्ठभागावर फुटतात आणि दुसऱ्या वसाहतीच्या बीजाशी मिलन होतं. पीटर हॅरिसन, रसेल बॅबकॉक, कार्डेन वॉलेस, बेट विलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हे जगापुढे मांडलं. त्या खडकांवर शंभरहून अधिक जातींचे प्रवाळ वर्षातल्या मोजक्या रात्रींत असं वितात, हे पुढे स्पष्ट झालं.

कोळ्याच्या भाषेत सांगायचं तर ही वेळ उधाण उतरून भांग लागण्याची. पौर्णिमेला भरती-ओहोटीचा जोर सर्वाधिक असतो, अष्टमीकडे तो मंदावतो. वद्य चतुर्थी ते षष्ठीच्या सुमारास पाणी संथ होऊ लागतं, गोळ्या लगेच वाहून जात नाहीत आणि बीजांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. पौर्णिमा हंगामाच्या फार आधी पडली तर काही वसाहती त्या महिन्यात आणि बाकीच्या पुढच्या महिन्यात वितात. पंचांगाला अधिक मासाची जुळवणी जशी करावी लागते, तशी जुळवणी प्रवाळांनाही करावी लागते. आपल्याकडे तमिळनाडूत तुतिकोरीनजवळ, मन्नारच्या आखातात, अॅक्रोपोरा प्रवाळांची अशी वीण मार्चमध्ये नोंदली गेली आहे.

अंडी सोडल्यानंतर पाण्यात काय होतं, हा प्रश्न पुढच्या पिढीच्या संशोधकांनी हाती घेतला. प्रवाळखडकांभोवतीचं पाणी काचेसारखं नितळ असतं, कारण त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस अत्यल्प असतात. अशा उपाशी पाण्यात एका रात्रीत टनावारी सेंद्रिय माल पडतो. ज्या अंड्यांचं फलन होत नाही ती फुटतात आणि जिवाणूंची चंगळ होते. ग्रेट बॅरिअर रीफच्या दक्षिण टोकाकडे हेरॉन बेट आहे. तिथे जर्मनीच्या क्रिस्टियन वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की खाली बसलेलं हे द्रव्य खडकांमधली सच्छिद्र वाळू गाळून घेते आणि वाळूतले जिवाणू ते झपाट्याने पचवून त्यातली पोषकद्रव्यं पुन्हा पाण्यात सोडतात. त्याच बेटावर ब्रॅडली आयर, रॉनी ग्लुड आणि निकोल पॅटन यांनी विणीच्या आधी, विणीच्या वेळी आणि नंतर पाण्याची मोजमापं घेतली. २००८ च्या त्यांच्या निबंधात या घटनेला निसर्गाने स्वतःच केलेला खतपुरवठ्याचा प्रयोग म्हटलं आहे. पाण्याचा आणि तळाचा श्वसनवेग वाढला, पाठोपाठ सूक्ष्म वनस्पतींचा बहर आला, आणि पोषकद्रव्यं संपत आली तसा तो ओसरला. खडकाने पाण्याला दिलेलं धन जिवाणूंच्या हातून फिरून पुन्हा खडकाकडेच आलं.

श्वसनवेग वाढला म्हणजे प्राणवायूचा खर्च वाढला. भरती-ओहोटी आणि वारा असेल तर तो खर्च भरून निघतो. नसेल तर काय होतं, ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावर मार्च १९८९ मध्ये दिसलं. कोरल बे गावाजवळच्या बिल्स बे या उथळ उपसागरात वारा पडला होता. विणीची साय बाहेर न जाता तिथेच साचली. ती कुजवताना जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायू संपवला. दहा लाखांहून अधिक मासे मेले आणि स्वतः प्रवाळही मोठ्या प्रमाणावर गुदमरले. ज्या सूक्ष्मजीवांमुळे खडक जगतो, त्यांच्याच हातून अडलेल्या पाण्यात खडक मेला.

सूक्ष्मजीवांचं काम इथेच संपत नाही. फलित अंड्यातून निघालेली प्रवाळाची अळी काही दिवस तरंगते आणि मग कायमची बैठक शोधते. कुठे बसायचं हे ती खडकावरच्या जिवाणूंच्या पातळ थरावरून ताडते. ऑस्ट्रेलियन संशोधक अँड्र्यू नेग्री आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एका विशिष्ट जिवाणूच्या थरावर अॅक्रोपोराच्या अळ्या रूप पालटून स्थिरावतात हे सिद्ध केलं. हीच गोष्ट कालवांची. पनवेल-उरणच्या खडकांवर आणि तिवरांच्या बुंध्यांवर बसणारी कालवाची अळीसुद्धा जिवाणूंचा थर ओळखून बैठक ठरवते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर ते वाढतात. त्या परिसरात १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचं नाव मिरवणारं हे आंग्रिया बँक. तिथलं पाणी किनाऱ्यावरच्या गाळापासून दूर असल्याने प्रवाळ समृद्ध आहेत, आणि डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या मोठ्या पथकाने तिथे जाऊन पाहणी केली. खुद्द मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही प्रवाळांच्या लहान वसाहती होत्या. सागरी किनारा मार्गाच्या कामात त्या येत असल्याने राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली २०२० मध्ये त्यांचं स्थलांतर झालं, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण दिलेलं आहे.

पनवेलच्या खाडीत मात्र प्रवाळखडक वाढू शकत नाही. पावसाळ्यातलं गोडं पाणी आणि नद्यांचा गाळ त्याला मानवत नाही. उपाशी, नितळ पाण्याच्या जागी इथे पोट भरलेलं, गढूळ पाणी आहे. प्रवाळखडकावर वर्षातून काही रात्री जिवाणूंना मेजवानी मिळते, खाडीत ती रोज असते. तिवराचं पान गळून चिखलात पडतं तेव्हा ते कडक आणि बेचव असतं. त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात, पान मऊ होतं, त्यातली प्रथिनं वाढतात, आणि मग कोळंबीची पिल्लं, खेकडे, जवळा यांना ते खाण्याजोगं होतं.

या मेजवानीची किंमत चिखलातल्या जिवांना मोजावी लागते. खाडीचा चिखल बोटभर उकरला की खाली काळाकुट्ट लागतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायू संपल्यावर समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगणारे जिवाणू तो वायू सोडतात. अशा जागी अंडं घातलं तर ते गुदमरून मरणार. तरीही निवटी इथेच वितात. पनवेल-उरणच्या बाजारात जिवंत विकायला येणारी, ओहोटीला चिखलावर टणाटण उड्या मारणारी निवटी चिखलात खोल बीळ करते. जपानमध्ये अत्सुशी इशिमात्सु यांच्या गटाने निवटीच्या एका जातभाईचं बीळ जवळून अभ्यासलं आणि २००७ मध्ये त्याचा तपशील प्रसिद्ध केला. बिळाच्या आत एक घुमट असतो, अंडी त्या घुमटाच्या छताला चिकटवलेली असतात, आणि नर तोंडात हवा भरून वारंवार खाली नेऊन घुमटात सोडतो. अंडी पाण्यात न राहता हवेत वाढतात. ती पक्व झाली की रात्रीच्या चढत्या भरतीला नर तीच हवा तोंडाने बाहेर काढतो, पाणी घुमटात शिरतं आणि अंडी उबून पिल्लं भरतीवर स्वार होऊन बाहेर पडतात. चिखलातल्या जिवाणूंनी प्राणवायू खाल्ला, म्हणून एका माशाला आपल्या पिल्लांसाठी घासाघासाने हवा वाहून न्यावी लागली. प्रवाळाने भांगाची संथ वेळ निवडली, निवटीने चढत्या भरतीची रात्र.

खाडीतल्या प्रत्येक जिवाची वीण अशी पाण्यातल्या सूक्ष्मजीवांशी बांधलेली आहे. कुणाला त्यांची भूक चुकवायची असते, कुणाला त्यांच्या जोरावर पिल्लं वाढवायची असतात. हा तोल ज्या दोन गोष्टींवर टिकतो त्या म्हणजे वाहतं पाणी आणि पाण्यातला प्राणवायू. गेल्या पन्नास वर्षांत पनवेलच्या खाडीत नेमक्या याच दोन गोष्टींवर घाला पडला.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणची गावं संपादनाखाली आली. जमिनीसाठी झालेला लढा लोकांच्या आठवणीत पक्का आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. जमिनीच्या मोबदल्याची भाषा तरी त्या लढ्याने घडवली. खाडीचा सातबारा नसतो. मासे पकडण्याचा हक्क वहिवाटीने चालत आलेला, त्याची कागदावर नोंद नाही. न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, भराव वाढत गेले, तिवरं कमी झाली, उघाड्यांची तोंडं बुजली, भातखाचरांच्या जागी इमारती आल्या. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांना जागा सोडावी लागली. त्यांत वाघिवली, कोपर, चिंचपाडा, तरघर अशी खाडीशी जन्माचं नातं असलेली गावं होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं.

दुसरा घाला रसायनांचा. तळोजा औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी कासाडी नदीतून खाडीत उतरतं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे रस्त्यावर फिरताना दिसले आणि कासाडीची अवस्था देशभर गाजली. नदीच्या पाण्यात सेंद्रिय कचरा वाढला की बिल्स बेमध्ये जे एका हंगामात घडलं तेच इथे बारमाही घडू लागतं. जिवाणू भरपूर होतात, प्राणवायू आटतो, आणि वर चढू पाहणाऱ्या गाभण माशाच्या वाटेवर श्वास न घेता येणाऱ्या पाण्याची भिंत उभी राहते. शिवाय विषारी द्रव्यं असतील तर उपयोगी सूक्ष्मजीवही मरतात आणि पिल्लांचं खाणं नाहीसं होतं.

या नुकसानीला न्यायालयीन शब्द मिळाला तो २७ फेब्रुवारी २०१५ रोजी. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, बेलपाडा आणि पनवेल तालुक्यातला गव्हाण कोळीवाडा इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा आदेश जवाहरलाल नेहरू बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांना दिला. पारंपरिक मच्छीमारांनी स्वतः उभं राहून मांडलेलं हे प्रकरण. भराव आणि तिवरतोडीमुळे भरती-ओहोटीचे मार्ग अडले, माशांच्या विणीच्या जागा गेल्या आणि त्यावर जगणाऱ्यांची रोजी गेली, हे त्यांचं म्हणणं होतं. ज्या हक्काची कुठल्याही दप्तरात नोंद नव्हती, त्याला किंमत आहे हे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे मान्य झालं. तिवरांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीला मनाई केली होती आणि २०१८ मध्ये ती अंतिम निकालाने कायम केली.

समुद्राच्या बाजूने कायदा आधीच आला होता. यांत्रिक ट्रॉलर वाढले, पावसाळ्यातही समुद्रावर जाता येऊ लागलं आणि भीतीने घातलेली जुनी मर्यादा गळून पडली. तेव्हा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ करावा लागला. पावसाळी बंदी बराच काळ १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. म्हणजे सरकारी नियमातही चंद्राची तिथी लिहिलेली होती. पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी मुदत ठरली आणि तिथी मागे पडली. २०२३ साली होड्यांना १ ऑगस्टला परवानगी होती आणि नारळी पौर्णिमा होती ३० ऑगस्टला. जुन्या रिवाजाने चाललं असतं तर त्या वर्षी समुद्राला आणखी महिनाभर उसंत मिळाली असती. त्याच वर्षी राज्याने पापलेटला राज्यमासा घोषित केलं आणि ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. पिल्लू वाढून एकदा तरी विऊ द्यावं, हा त्यामागचा हेतू.

पावसाळी बंदी यांत्रिक होड्यांसाठी आहे. खाडीत पाग टाकणाऱ्याला आणि वलगणीला धावणाऱ्याला ती लागू नाही, आणि तसं असणं योग्यच, कारण खाडीचा मासा पागाने संपलेला नाही. पण खाडीच्या विणीसाठी कायद्यात वेगळं काहीच नाही. जून-जुलैत नदीमुखाशी पाण्यात प्राणवायू किती आहे, हे रोज मोजून गावाला कळवण्याची सोय नाही. मृगाआधी उघाड्या आणि नाले मोकळे करणं पूर्वी शेतकऱ्यांचं काम होतं. आता शेतच उरलं नाही तिथे ते कुणाचंही काम नाही. महापालिकेची नालेसफाई रस्त्यावर पाणी तुंबू नये म्हणून होते, आणि त्या वेळी मासा चढण्याच्या वाटेचा विचार होत नाही. पनवेल महापालिका, सिडको, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि खारजमीन संशोधन केंद्र यांनी ठरवलं तर यांतली कुठलीही गोष्ट अवघड नाही.

कोणत्या नाल्यातून वलगण चढायची, कोणत्या उघाडीपाशी चिवणी थांबायची, निवटीची बिळं कोणत्या पट्ट्यात दाट होती, हे सांगणारी माणसं गव्हाण, न्हावा आणि पनवेलच्या कोळीवाड्यात आज साठी-सत्तरीला पोचलेली आहेत. त्यांच्याबरोबर ओहोटीला काठाने फिरून या जागा नकाशावर उतरवून घेणं, हे काम पुढच्या मृगाच्या आत सुरू व्हायला हवं. त्यानंतर कुठली उघाडी पुन्हा मोकळी करायची, कुठलं सांडपाणी आधी थांबवायचं आणि कुठल्या तिवरांना हात लावायचा नाही, याची यादी त्या नकाशावरूनच तयार होईल.